पूर्वार्जित ज्ञान आणि विद्यापीठीय पदवी : एक ऐतिहासिक विचार

विद्यापीठाची पदवी नेमके काय प्रमाणित करते, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. पदवीधराला अमुक विषयाचे ज्ञान आहे एवढेच ती सांगते, की ते ज्ञान त्याने अमुक ठिकाणी, अमुक वर्षे बसून मिळविले हेही सांगते? ही दोन विधाने एक नव्हेत. पहिले ज्ञानाविषयी आहे, तर दुसरे ज्ञानाच्या मार्गाविषयी. महाविद्यालयाबाहेर, घरी, शेतावर अथवा व्यवसायात मिळविलेल्या ज्ञानास पदवीच्या श्रेयांकांत स्थान द्यावे काय, हा आज चर्चिला जाणारा प्रश्न या दोन विधानांतील भेदातूनच उद्भवला आहे. तो नवा मानला जातो. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासात त्याची पाळेमुळे बरीच खोल गेलेली आढळतात.

पेशवाईच्या काळात पुण्यास श्रावणमासी दक्षिणा वाटली जात असे. तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांनी चालविलेली ही प्रथा पुढे पेशव्यांनी आपल्याकडे घेतली. दूरदूरहून आलेल्या विद्वानांची परीक्षा होई व विद्वत्तेच्या मानाने दक्षिणा ठरे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की विद्या कोठे संपादन केली याला महत्त्व नव्हते. कोणी काशीस शिकला असेल, कोणी पैठणास, तर कोणी आपल्या वडिलांपाशीच. परीक्षकांपुढे काय सांगता येते एवढेच पाहिले जाई. या अर्थाने दक्षिणा ही पूर्वार्जित ज्ञानाच्या परीक्षेची एक जुनी संस्थाच होती. तथापि तिची दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. परीक्षेस बसण्याचा अधिकार ब्राह्मणांपुरता होता, आणि परीक्षेचा विषय संस्कृत शास्त्रे हाच होता. ज्ञानाच्या मार्गाविषयी उदार असलेली ही व्यवस्था ज्ञात्याविषयी व ज्ञानाच्या भाषेविषयी मात्र अत्यंत संकुचित होती. इंग्रजी अमलात, १८२१ साली, पुण्याची संस्कृत पाठशाळा याच दक्षिणेच्या रकमेतून निघाली. आणि १८४९ साली लोकहितवादी व त्यांचे सहकारी यांनी दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा अशी मागणी सरकारकडे केली. कोणत्या भाषेतील ज्ञान मान्यतेस पात्र मानावे, हा वाद तेव्हाच उभा राहिला होता.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा लंडन विद्यापीठाचा नमुना पुढे होता. लंडन विद्यापीठ त्या काळी स्वतः शिकवीत नसे. ते संलग्न संस्थांतील विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेई. परंतु दुसऱ्याच वर्षी, १८५८ च्या सनदेने, लंडनने संलग्न महाविद्यालयातील हजेरीची अट बहुतेक परीक्षांपुरती काढून टाकली. कोठेही शिकलेल्या माणसास आता लंडनच्या परीक्षेस बसता येऊ लागले. आपल्याकडे मात्र लंडनचे आधीचे रूपच रुजले, आणि महाविद्यालयातील 'टर्म भरणे' हा पदवीचा अविभाज्य भाग होऊन बसला. ज्या नमुन्यावरून आपण चित्र काढावयास घेतले तो नमुनाच जागचा हलला आणि आपले चित्र मात्र तसेच राहिले, असे म्हणावे लागते.

मराठवाड्याची स्थिती याहून निराळी होती. केज हे बीड व अंबाजोगाई यांच्या दरम्यानचे तालुक्याचे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले व उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठरले. भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा हा मोठा प्रयोग होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु केजच्या मराठीभाषी विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहता, त्याचे आधीचे ज्ञान ज्या भाषेत साठलेले होते त्या भाषेला परीक्षेत स्थान नव्हते. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत उस्मानियाने अनेक विद्यार्थ्यांना काढून टाकले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना आपल्याकडे सामावून घेतले. ही घटना राजकीय इतिहासात नोंदली जाते. शिक्षणाच्या इतिहासातही तिला स्थान द्यावयास हवे. संस्थेने विद्यार्थ्याचे नाव पटावरून कमी केले म्हणून त्याने शिकलेले नाहीसे होत नाही, हे तत्त्व नागपूरच्या त्या निर्णयात गृहीत होते. पुढे १९५८ च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व केजच्या विद्यार्थ्याला आपल्या विभागाचे विद्यापीठ मिळाले.

स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नाला कायद्याचे रूप आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९८५ च्या विनियमांनुसार दूरशिक्षणाने प्रथम पदवी घेऊ इच्छिणाऱ्या, पण पूर्वीचे कोणतेही शालेय प्रमाणपत्र नसलेल्या व्यक्तीस, वयाची २१ वर्षे पूर्ण असल्यास व विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत ती उत्तीर्ण झाल्यास, प्रवेश देण्याची मुभा होती. १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी 'पूर्वतयारी' शिक्षणक्रम चालविला. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या अनेक प्रौढ स्त्रीपुरुषांना त्या वाटेने पदवीपर्यंत जाता आले. परंतु येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. या व्यवस्थेने अनुभवी माणसाला दार उघडून दिले; त्याच्या अनुभवाचे मोल मात्र केले नाही. आत आल्यावर त्याने पहिल्या पायरीपासूनच चढावयाचे होते. प्रवेशाची मान्यता व श्रेयांकाची मान्यता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

मोकळ्या प्रवेशालाही मर्यादा पडली. अण्णामलै विद्यापीठाच्या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने, प्रथम पदवी नसताना मुक्त पद्धतीने मिळविलेली पदव्युत्तर पदवी आयोगाच्या विनियमांविरुद्ध असल्याने ग्राह्य नाही, असा निर्णय दिला. त्यामागील भूमिका अशी, की शिक्षणाच्या पायऱ्या गाळून वर जाता येणार नाही. तर्क सरळ आहे. परंतु एखादी पायरी विद्यापीठाबाहेर खरोखरच चढली गेली असेल तर ती कशी ओळखावयाची, हा प्रश्न त्याने सुटत नाही. फ्रान्सने २००२ च्या कायद्याने याचे एक उत्तर दिले. तेथे व्यवसायातील अनुभवाच्या आधारे संपूर्ण पदविका वा पदवीही मिळू शकते. मात्र उमेदवाराने आपल्या कामाचे सविस्तर निवेदन परीक्षकमंडळापुढे मांडावे लागते. म्हणजे पायरी गाळली जात नाही, ती तपासली जाते.

भारतात २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर २०२३ साली राष्ट्रीय श्रेयांक आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० श्रेयांक, अर्थात ३० तासांस एक श्रेयांक, असे मान धरले आहे. अनुभवालाही भार दिला असून तो कमाल दुप्पट आहे. ही प्रगतीच होय. तथापि गणिताची रचना पाहण्यासारखी आहे. अनुभव हा येथे गुणक आहे. गुण्य म्हणजे मूल्यमापनातून मिळालेले श्रेयांक. गुण्यच शून्य असेल तर अनुभव दहा वर्षांचा असो की तीस वर्षांचा, गुणाकार शून्यच. सारा भार अखेर मूल्यमापनावर येऊन पडतो.

आणि येथेच केजचे उदाहरण उद्बोधक ठरते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांची परिभाषा पाहावी. 'कोयता' हे हत्याराचे नाव. पण 'एक कोयता' म्हणजे तोडणीस जाणारे नवराबायकोचे जोडपे, आणि एकटा मजूर म्हणजे 'अर्धा कोयता'. 'उचल' म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम. मजूर पुरविणारा व हिशेब सांभाळणारा तो 'मुकादम'. याखेरीज फड, टोळी, मोळी, वाढे हे शब्द आहेतच. साधनाच्या नावाचा श्रमाच्या एककाकडे झालेला हा अर्थविस्तार भाषाशास्त्राच्या कोणत्याही पाठात शोभण्याजोगा आहे. परंतु मुद्दा केवळ शब्दांचा नाही. ऊस जमिनीलगत तोडावा, कारण बुडख्याकडील भागात साखर अधिक. शेंड्याकडे ती कमी, म्हणून वाढे छाटून टाकावे. हे ज्ञान कृषिविज्ञानाच्या पुस्तकातही आहे. तोडणी करणाऱ्या बाईला ते ठाऊक आहे; पुस्तकातील परिभाषेत ते सांगता येत नाही एवढेच.

तेव्हा परीक्षा लेखी व प्रमाणभाषेत घेतली, तर मोजले जाईल ते तिचे उसाचे ज्ञान नव्हे, तर प्रमाणभाषेचे अज्ञान. दक्षिणेच्या परीक्षेत संस्कृतने व उस्मानियात उर्दूने जे काम केले, तेच काम मग प्रमाण मराठी वा इंग्रजी करील. मूल्यमापन तोंडी व प्रत्यक्ष कामावर आधारलेले असावे, परीक्षकांत त्या व्यवसायाची बोली जाणणारा एक तरी असावा, आणि व्यवसायातील शब्दांचे कोश विद्यापीठांनी आधी तयार करावेत, ही मागणी म्हणूनच सवलतीची नसून परीक्षेच्या अचूकतेची आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल व तो खरा आहे. अनुभव म्हणजे ज्ञान नव्हे. वीस वर्षे एकच काम करणाऱ्याने एक वर्षाचा अनुभव वीस वेळा घेतलेला असू शकतो. तसेच कौशल्य-प्रमाणपत्रांच्या योजनांत घाईने उरकलेले मूल्यमापन पदवीलाही लागू झाले, तर पदवीची किंमत घसरेल, आणि तिचा पहिला फटका नव्याने शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्यालाच बसेल. म्हणून श्रेयांक वर्षांना देऊ नयेत. वर्षांतून निष्पन्न झालेल्या, दाखविता व सांगता येणाऱ्या ज्ञानाला द्यावेत. केलेल्या कामामागील कारण सांगता येणे, नव्या परिस्थितीत ते लावून दाखविता येणे, ही त्याची कसोटी होय. ही कसोटी महाविद्यालयात शिकलेल्यांनाही लावावी. टर्म भरल्याने ती आपोआप पूर्ण होत नाही.

गेल्या तीन शतकांचा हा आढावा एवढेच दाखवितो, की आपल्या समाजाने शाळेबाहेरचे ज्ञान कधीच सर्वस्वी नाकारलेले नाही. त्याने ते निवडून मान्य केले. आणि निवड ज्ञानाच्या कसावर होण्याऐवजी पुष्कळदा जातीवर, भाषेवर वा हजेरीपटावर झाली. नव्या श्रेयांकव्यवस्थेची परीक्षा यावरूनच व्हावयाची आहे. केज तालुक्यातील ऊसतोड कामगाराच्या मुलीने हंगामात फडावर घालविलेले महिने आज तिच्या शाळेच्या पटावर गैरहजेरी म्हणून नोंदले जातात. त्या महिन्यांत ती जे शिकली ते पाहण्याची सोय विद्यापीठाने केली, तर ही व्यवस्था नवी. नाही तर जुन्याच व्यवस्थेचे ते नवे कोष्टक ठरेल.