कॅमेऱ्याच्या पडद्याची उन्हातील दृश्यता

डिजिटल कॅमेऱ्याच्या पाठीवरील पडद्यावरचे चित्र भर उन्हात डोळ्यांना कितपत स्पष्ट दिसते, याला त्या पडद्याची उन्हातील दृश्यता म्हणतात. खोलीत लख्ख दिसणारा पडदा बाहेर नेताच फिकट, करडा किंवा आरशासारखा होतो. मग चौकट नीट बसवता येत नाही, फोकस तपासता येत नाही आणि एक्स्पोजरचा अंदाज चुकतो. पडद्याचा उजेड कमी पडतो म्हणून असे होते, हा सर्वसाधारण समज अर्धाच खरा आहे. पडद्याने स्वतः टाकलेला प्रकाश आणि त्याच्यावरून परत फिरलेला बाहेरचा प्रकाश यांच्या प्रमाणावर दृश्यता ठरते. पाहणाऱ्याचा डोळा त्या क्षणी किती उजेडाला सरावला आहे, याचाही तिच्यात वाटा असतो.

प्रकाशाचे गणित : एखाद्या पृष्ठभागावर पडणारा प्रकाश लक्स या एककात मोजतात. निरभ्र दुपारी थेट उन्हात तो सुमारे १,००,००० लक्स असतो; ढगाळ दिवशी किंवा मोकळ्या सावलीत १०,००० लक्सच्या आसपास, तर कचेरीच्या खोलीत ३०० ते ५०० लक्स. पृष्ठभागाकडून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाची तेजस्विता निट या एककात मोजली जाते. एक निट म्हणजे दर चौरस मीटरला एक कँडेला. उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदाची तेजस्विता सुमारे २५,००० निट भरते. त्याच्या शेजारी ५०० निटचा पडदा म्हणजे पन्नासावा हिस्सा. भरदुपारी लावलेली समई जळत असते, पण तिचा उजेड जाणवत नाही. पडद्याचेही तसेच होते.

एक उदाहरण घेऊ. पडद्यावरच्या पांढऱ्या भागाची तेजस्विता ५०० निट आणि काळ्या भागाची अर्धा निट आहे; म्हणजे अंधारात त्याचे कॉन्ट्रास्ट प्रमाण १,०००:१ आहे. हा पडदा आपल्यावर पडलेल्या प्रकाशातला १ टक्का विखरून परत टाकतो असे धरू. ५०० लक्सच्या खोलीत परतलेला प्रकाश दीड निटच्या थोडा वर असतो आणि पांढऱ्या-काळ्याचे प्रमाण सुमारे २४०:१ राहते. मोकळ्या सावलीत परतणारा प्रकाश ३२ निट होतो आणि प्रमाण १६:१ वर येते. थेट उन्हात तो ३२० निटवर जातो आणि हेच प्रमाण जेमतेम अडीचास एक उरते. काळा रंग काळा राहत नाही, छायेतले सगळे बारकावे एकाच करड्या थरात बुडतात.

या उदाहरणातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पडद्याची तेजस्विता दुप्पट करून १,००० निट केली, तर उन्हातले प्रमाण सुमारे चारास एक होते. तेजस्विता तशीच ठेवून परावर्तन निम्म्यावर आणले, तरी प्रमाण चारास एकच होते. पहिल्या उपायाने बॅटरी लवकर संपते आणि कॅमेरा तापतो. दुसऱ्याला विजेचा खर्च नाही. हाताची किंवा हुडाची सावली धरून पडद्यावर पडणारा प्रकाश दहाव्या हिश्श्यावर आणला, तर तोच पडदा सोळास एकवर पोहोचतो.

परावर्तनाचे प्रकार : काचेवरून प्रकाश दोन तऱ्हांनी परततो. पहिली तऱ्हा आरशासारखी. काचेचा प्रणमनांक १.५ असल्यास हवा आणि काच यांच्या प्रत्येक सीमेवर समोरून आलेल्या प्रकाशाचा सुमारे ४ टक्के भाग परततो. कोन फार तिरपा झाला की तो झपाट्याने वाढतो. वरची संरक्षक काच आणि खालचा पडदा यांच्यात हवेची फट असेल तर अशा तीन सीमा तयार होतात. दुसऱ्या तऱ्हेत प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. बोटांचे तेलकट ठसे, ओरखडे, धूळ आणि पडद्याच्या आतले थर यांमुळे तसे होते.

सूर्य पाठीमागे आणि वर असला की ऊन सरळ पडद्यावर पडते आणि विखुरलेले परावर्तन वाढते. सूर्य समोर असला की पडदा कॅमेऱ्याच्या सावलीत राहतो, पण छायाचित्रकाराचा चेहरा आणि कपडे उजळून त्यांचे प्रतिबिंब काचेत उमटते. उन्हातल्या पांढऱ्या सदऱ्याची तेजस्विता २०,००० निटपर्यंत जाऊ शकते. त्याचे ४ टक्के म्हणजे ८०० निट, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या पडद्यापेक्षाही जास्त. म्हणून उघड्यावर काम करताना गडद रंगाचे कपडे घालण्याचा खरोखर फायदा होतो.

डोळ्याचा भाग : तीव्र उजेडात डोळ्याची बाहुली आकसून सुमारे २ मिलीमीटर होते, अंधारात ती तरुण डोळ्यात ७ मिलीमीटरच्या आसपास उघडते. बाहुलीपेक्षाही मोठा बदल दृष्टिपटलात होतो. त्याची संवेदनक्षमता भोवतालच्या उजेडाप्रमाणे खाली-वर होते. उन्हाला सरावलेला डोळा पडद्याकडे वळला की पडदा आहे त्याहून काळोखा भासतो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावल्यावर पहिले काही क्षण चित्र मंद वाटते, तेही याच कारणाने.

ध्रुवित काचांचा गॉगल वेगळीच अडचण आणतो. द्रवस्फटिक पडद्यातून बाहेर येणारा प्रकाश एका दिशेने ध्रुवित असतो. गॉगलची ध्रुवणदिशा त्याला काटकोनात आली तर पडदा पूर्ण काळा दिसतो. आडवा धरलेला कॅमेरा नीट दिसतो आणि उभा करताच पडदा बंद पडल्यासारखा वाटतो, याचे कारण बहुधा हेच असते.

पूर्वपीठिका : ही अडचण डिजिटल युगाच्या कितीतरी आधीची आहे. मोठ्या तिकाटण्यावरच्या जुन्या कॅमेऱ्यात चित्र मागच्या दुधी काचेवर उलटे पडे आणि ते पाहण्यासाठी छायाचित्रकाराला डोक्यावर काळे कापड ओढून घ्यावे लागे. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, त्या काळात उघड्यावर चित्र जुळवण्याचा हाच मार्ग होता. १९२९ मध्ये जर्मनीत आलेल्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यात वरच्या दुधी काचेभोवती घडीचा हूड आणि आत छोटे भिंग बसवलेले होते. काळे कापड, हूड आणि भिंग ही साधने आजही जवळजवळ त्याच रूपात वापरली जातात.

सुरुवातीच्या घरगुती डिजिटल कॅमेऱ्यांना चित्र दाखवणारा पडदा नव्हता. ॲपलच्या १९९४ च्या क्विकटेक १०० मध्ये चौकट पाहण्यासाठी साधा प्रकाशीय व्ह्यूफाइंडर होता. १९९५ मध्ये कॅसिओने क्यूव्ही-१० बाजारात आणला. त्याच्या पाठीवर १.८ इंचांचा रंगीत द्रवस्फटिक पडदा होता आणि व्ह्यूफाइंडर मुळीच नव्हता. काढलेले चित्र लगेच पाहण्याची सोय त्याने सामान्य ग्राहकापर्यंत नेली आणि उन्हातल्या दृश्यतेचा प्रश्नही सोबत आला. पुढे छोट्या कॅमेऱ्यांचे पडदे वाढत ३ इंचांवर गेले आणि जागेसाठी व्ह्यूफाइंडर काढून टाकला गेला.

भिंगातले दृश्य आरशावरून व्ह्यूफाइंडरमध्ये दाखवणारा एसएलआर कॅमेरा वापरणाऱ्यांना ही झळ उशिरा लागली, कारण त्यांचा पडदा आधी केवळ काढलेले चित्र तपासण्यासाठी होता. २००६ मध्ये ऑलिम्पस ई-३३० ने पडद्यावर पाहून चित्र घेण्याची सोय दिली. २००८ मध्ये निकॉन डी९० आणि कॅनन ५डी मार्क २ यांनी एसएलआरमध्ये व्हिडिओ आणला. व्हिडिओ घेताना आरसा वर उचललेला राहतो, त्यामुळे प्रकाशीय व्ह्यूफाइंडर आंधळा होतो आणि पडद्याखेरीज पर्याय उरत नाही. पडद्यावर बसवायची भिंगयुक्त नळी, म्हणजे लूप, व्हिडिओवाल्यांच्या पिशवीत आली ती या गरजेतून.

रचनेतील उपाय : साध्या द्रवस्फटिक पडद्यात मागचा दिवा, ध्रुवक आणि रंगगाळण्या अशी रचना असते. दिव्याच्या प्रकाशातला फारच थोडा भाग या थरांतून बाहेर पडतो. सोनीने यावर व्हाइटमॅजिक नावाची रचना वापरली. लाल, हिरव्या आणि निळ्या उपबिंदूंच्या जोडीला तिच्यात गाळणी नसलेला पांढरा उपबिंदू असतो. त्यामुळे तेवढ्याच विजेत पडदा अधिक उजळ होतो. २०१२ च्या आरएक्स१०० मध्ये हा पडदा होता. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत पडद्याची तेजस्विता एकदम वाढवणारी खास उन्हासाठीची मांडणीही मिळते.

स्वयंप्रकाशी ओलेड पडद्याला मागचा दिवा लागत नाही. कोडॅकने २००३ मध्ये ईझीशेअर एलएस६३३ या कॅमेऱ्यात असा पडदा वापरला होता. ओलेडच्या आतील धातूचा थर मात्र आरशासारखा चमकतो. तो झाकण्यासाठी वर वर्तुळाकार ध्रुवक बसवतात. आत गेलेला बाहेरचा प्रकाश धातूवर आपटून परतताना उलट्या फेऱ्याचा होतो आणि ध्रुवकातच शोषला जातो. त्याची किंमत म्हणजे पडद्याचा स्वतःचा निम्म्याच्या आसपास प्रकाशही त्यात अडतो.

परावर्तन कमी करणाऱ्या लेपांची विद्या भिंगांकडून पडद्यांकडे आली. काळवंडलेल्या काचेतून नव्या काचेपेक्षा अधिक प्रकाश पार होतो, हे लॉर्ड रॅली यांनी १८८६ मध्ये नोंदवले. १९३५ मध्ये झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर पातळ लेप देण्याची पद्धत विकसित केली. मॅग्नेशियम फ्लोराइडचा सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा एक थर ४ टक्क्यांचे परावर्तन दीड टक्क्याच्या आत आणतो; अनेक थर दिले तर ते त्याहून खाली जाते. खरखरीत, मॅट पृष्ठभाग प्रतिबिंब पुसट करतो, पण तोच प्रकाश सर्वत्र विखरतो, त्यामुळे थेट उन्हात चित्र आणखी फिके पडू शकते.

काच आणि पडदा यांच्यातली हवेची फट पारदर्शक द्रव्याने भरणे हा अतिशय गुणकारी उपाय आहे. त्याने दोन सीमा जवळपास नाहीशा होतात. कॅननने २००९ च्या ईओएस ७डी मध्ये क्लिअर व्ह्यू २ या नावाने ही रचना दिली. एसएलआरच्या माथ्यावरचा छोटा एकरंगी माहितीपट्टा मात्र बाहेरच्याच प्रकाशावर चालतो. ऊन वाढेल तसा तो अधिक स्पष्ट दिसतो.

व्ह्यूफाइंडर : डोळ्याशी लावलेला व्ह्यूफाइंडर बाहेरचा प्रकाशच आत येऊ देत नाही, म्हणून उन्हाचा प्रश्न तो मुळातून सोडवतो. पॅनासॉनिकच्या २००८ च्या ल्युमिक्स जी१ पासून बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर, म्हणजे ईव्हीएफ, रूढ झाला. त्यात पडद्यावरची सगळी माहिती दिसते आणि डोळ्याच्या नंबराप्रमाणे तो जुळवताही येतो. चाळिशी लागलेल्यांना याचा विशेष उपयोग होतो. उजळ पडदा देऊनही सोनीने आरएक्स१०० च्या २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीत वर उघडणारा ईव्हीएफ बसवला, यावरून त्याची गरज लक्षात येते. एक काळजी मात्र घ्यावी : ईव्हीएफची पाहण्याची बाजू सूर्याकडे करून कॅमेरा ठेवू नये. तिथले भिंग ऊन एकवटून आतला पडदा कायमचा खराब करू शकते.

वापरातील उपाय : उन्हात सर्वांत आधी पडद्यावर सावली धरावी. हात, रुंद काठाची टोपी, घडीचा हूड किंवा काळे कापड, काहीही चालते. पडदा फिरता असेल तर आकाशाचे प्रतिबिंब टळेल अशा कोनात तो वळवावा. काच मऊ कापडाने पुसावी. बुडबुडे राहिलेला स्क्रीनगार्ड काढून टाकावा, कारण तो परावर्तनाच्या नव्या सीमा तयार करतो. उन्हासाठी वाढवलेली तेजस्विता संध्याकाळी पूर्ववत करावी. नाहीतर कमी एक्स्पोजरची चित्रेही घरात ठीक वाटतात.

एक्स्पोजर उन्हात पडद्याकडे पाहून ठरवूच नये. चित्र मंद दिसते म्हणून छायाचित्रकार एक्स्पोजर वाढवतो आणि ढग, पांढरे धोतर, नवरीच्या शालूची जर यांतला तपशील जळून जातो. अशा वेळी हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराची वाटणी दाखवणारा आलेख, पाहावा. त्याचा आकार फिक्या पडद्यावरही वाचता येतो. जळालेल्या भागांवर लुकलुकणारी सूचना किंवा झेब्रा पट्टे, तसेच फोकसमधील कडा रंगवून दाखवणारी पीकिंगची सोय सुरू ठेवावी. पीकिंगचा रंग विषयाहून वेगळा निवडावा.

उष्णता : ऊन म्हणजे तापही. बहुतेक कॅमेऱ्यांची वापरमर्यादा उत्पादक ४० अंश सेल्सिअसपर्यंत सांगतात. विदर्भात नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि काळ्या रंगाचा कॅमेरा उन्हात त्याहून तापतो. अशा वेळी पूर्ण तेजस्वितेचा पडदा ही ताप वाढवणारी आणखी एक बाब ठरते. दोन चित्रांच्या मध्ये पडदा बंद ठेवणे आणि कॅमेरा सावलीत ठेवणे हिताचे.

मोबाइल आणि इतर साधने : मोबाइल फोनला व्ह्यूफाइंडर नसल्याने उत्पादकांनी तेजस्वितेवर भर दिला. २०२२ च्या आयफोन १४ प्रो साठी घराबाहेरची कमाल तेजस्विता २,००० निट सांगितली गेली. फोन तापला की मात्र ती आपोआप खाली येते. ड्रोन चालवणाऱ्यालाही पडद्याशिवाय दुसरा डोळा नसतो, म्हणून डीजेआयने २०१९ मध्ये आणलेल्या स्मार्ट कंट्रोलरला १,००० निटचा पडदा दिला.

मूल्यमापन : तेजस्वितेचे आकडे वाढत आहेत, तरी दुपारच्या उन्हातल्या पांढऱ्या कागदाची बरोबरी कोणताही खिशातला पडदा करत नाही. त्यामुळे निटचा आकडा एकटा पाहून कॅमेरा निवडणे योग्य नाही. दुकानाबाहेर उन्हात उभे राहून पडदा स्वतः पाहावा. शेत, किनारा, मैदान, मिरवणूक अशा ठिकाणी ज्याचे काम चालते, त्याने व्ह्यूफाइंडर असलेलाच कॅमेरा घ्यावा. आहे त्या कॅमेऱ्याला तो नसेल, तर साधा हूड आणि हिस्टोग्राम वाचण्याची सवय यांनी बहुतेक अडचण दूर होते.