मेथॉडिस्ट वर्गसभा : चर्चजीवनातील गृहसमूहांच्या भूमिकेचा ऐतिहासिक अभ्यास (१७४२ ते १८७२)

प्रस्तावना :

ख्रिस्ती चर्चचा इतिहास बहुतांशी धर्मपरिषदा, धर्मगुरू, पंथभेद आणि भव्य वास्तू यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. सामान्य श्रद्धावंताचे धर्मजीवन मात्र अनेकदा घरातील एखाद्या खोलीत, दहाबारा माणसांच्या बैठकीत घडत आले. अशा गृहसमूहांचा सर्वांत सुसंघटित आविष्कार अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये, जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांच्या मेथॉडिस्ट चळवळीतील 'वर्गसभे'च्या रूपाने आढळतो. या वर्गसभेचा उगम, कार्यपद्धती, सामाजिक परिणाम व ऱ्हास यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. वर्गणी, परस्परांच्या आचरणाची विचारपूस आणि सामान्य सभासदाचे नेतृत्व ही तीन कार्ये एकाच बैठकीत एकवटली होती, हेच या संस्थेच्या सामर्थ्याचे कारण होते, असे या अभ्यासातून दिसून येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

गृहसमूह ही कल्पना ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी आहे. प्रिस्का आणि अक्विला या दांपत्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीचा उल्लेख नव्या करारातील पौलाच्या पत्रांत येतो. सीरियातील दुरा-युरोपस येथील उत्खननात तिसऱ्या शतकातील एका राहत्या घराचे प्रार्थनास्थळात रूपांतर केल्याचे अवशेष सापडले आहेत. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळाल्यानंतर सार्वजनिक वास्तू उभ्या राहिल्या आणि घरातील बैठकीचे महत्त्व ओसरले.

धर्मसुधारणेनंतर या परंपरेला पुन्हा उजाळा मिळाला. जर्मनीत फिलिप याकोब स्पेनर या ल्यूथरन धर्मोपदेशकाने १६७० मध्ये फ्रँकफुर्ट येथे आपल्या घरी बायबलवाचन व चर्चेच्या बैठकी सुरू केल्या आणि १६७५ मध्ये आपला सुधारणेचा कार्यक्रम ग्रंथरूपाने मांडला. पुढे काउंट झिंझेंडॉर्फ यांच्या आश्रयाखालील हर्नहूट येथील मोरेव्हियन समाजाने लहान गटांची पद्धती अधिक काटेकोर केली.

राजसत्तेला मात्र अशा बैठकी नेहमीच संशयास्पद वाटत. इंग्लंडमध्ये १६६४ च्या कायद्यान्वये, कुटुंबीयांव्यतिरिक्त पाचांहून अधिक माणसांनी अधिकृत चर्चच्या पद्धतीबाहेरील उपासनेसाठी एकत्र येणे हा गुन्हा ठरविण्यात आला होता. १६८९ च्या सहिष्णुता कायद्याने हे निर्बंध शिथिल झाले, तरी घरातील धर्मसभेकडे पाहण्याची साशंक दृष्टी पूर्णपणे गेली नाही.

वर्गसभेचा उगम :

वेस्ली हे अँग्लिकन चर्चचे दीक्षित धर्मगुरू होते. मोरेव्हियनांच्या प्रभावाखाली १७३८ मध्ये लंडनच्या फेटर लेन येथे स्थापन झालेल्या संघात त्यांचा पुढाकार होता आणि त्याच वर्षी त्यांनी हर्नहूटला भेट दिली. या संघातील 'बँड' नावाचे गट पाच ते दहा जणांचे असत. स्त्रिया व पुरुष, विवाहित व अविवाहित यांचे गट वेगळे असत. एकमेकांपुढे दोषांची कबुली देण्यास स्वेच्छेने तयार असलेल्यांसाठीच ते होते. साहजिकच त्यांचा विस्तार मर्यादित राहिला.

वर्गसभेचा जन्म मात्र आध्यात्मिक नव्हे, तर आर्थिक निकडीतून झाला. ब्रिस्टल येथील प्रार्थनागृहाच्या बांधकामाचे कर्ज फेडायचे होते. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी झालेल्या बैठकीत कॅप्टन फॉय या सभासदाने प्रत्येकाने दर आठवड्याला एक पेनी द्यावी अशी सूचना केली. अनेकांना तेवढेही देणे शक्य नाही, असा आक्षेप निघताच त्याने अकरा अतिशय गरीब सभासद आपल्याकडे सोपवावेत, त्यांना देता आले नाही तर त्यांचा वाटा आपण भरू, असे सुचविले. इतरांनीही हीच जबाबदारी स्वीकारली. अशा रीतीने बारा जणांचा एक 'वर्ग' व त्यावर एक वर्गनायक ही रचना अस्तित्वात आली.

दर आठवड्याला वर्गणीसाठी दारोदार फिरताना वर्गनायकांना सभासदांचे खरे जीवन दिसू लागले. कोणी आजारी होते, कोणी व्यसनाच्या आहारी गेले होते, तर कोणाच्या घरात कलह होता. वर्गणीच्या या व्यवस्थेतच धर्मजीवनाच्या देखरेखीचे साधन दडले आहे, हे वेस्ली यांनी तत्काळ ओळखले. लंडनमध्येही त्याच वर्षी ही पद्धती लागू झाली. घरोघरी जाणे अडचणीचे ठरू लागल्यावर संपूर्ण वर्गाने आठवड्यातून एकदा एकत्र बसावे, असा प्रघात पडला. ही बैठक बहुधा कोणाच्या तरी घरी, तर कधी प्रार्थनागृहाच्या एखाद्या खोलीत होई.

कार्यपद्धती व शिस्त :

१७४३ मध्ये वेस्ली यांनी संघाचे सर्वसाधारण नियम प्रसिद्ध केले. वाईट टाळणे, शक्य तितके भले करणे आणि उपासना, प्रार्थना, प्रभुभोजन आदी विधी नियमित पाळणे ही त्यांची तीन सूत्रे होती. वर्गनायक प्रत्येकाची विचारपूस करी, गरजेनुसार सल्ला, समज वा धीर देई आणि जमलेली वर्गणी कारभाऱ्यांकडे सुपूर्द करी. दर तीन महिन्यांनी पडताळणी होऊन सभासदाला तिकीट मिळे. ते नसल्यास संघाच्या सभेत प्रवेश नसे.

या शिस्तीची कठोर बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. न्यूकॅसल येथे १७४३ च्या मार्च महिन्यात वेस्ली यांनी आपल्या रोजनिशीत, संघातून काढलेल्या ६४ जणांचा कारणनिहाय हिशेब नोंदविला आहे. त्यांपैकी १७ जणांना दारूबाजीसाठी, तिघांना भांडणांसाठी, एकाला पत्नीस मारहाण केल्याबद्दल, एकाला आळसाबद्दल, तर तब्बल २९ जणांना केवळ धर्माचरणातील बेफिकिरीसाठी वगळण्यात आले होते. म्हणजेच आधार देणारा गट हाच पाळत ठेवणाराही होता. आपुलकी आणि नियंत्रण यांची ही सरमिसळ हे गृहसमूहाचे अंगभूत लक्षण मानावे लागते.

सामाजिक परिणाम :

वेस्ली यांच्या मृत्यूसमयी, १७९१ मध्ये, ब्रिटिश बेटांतील मेथॉडिस्ट सभासदांची संख्या सुमारे ७२ हजार होती, तर फिरते धर्मोपदेशक होते सुमारे ३००. एका उपदेशकामागे सरासरी २४० सभासद आणि त्यातही तो सतत गावोगाव फिरतीवर! सभासदांची प्रत्यक्ष काळजी वर्गनायकच वाहत होते, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. खाणकामगार, विणकर, छोटे कारागीर, मोलकरणी अशा माणसांना चारचौघांत बोलण्याची, हिशेब ठेवण्याची आणि इतरांची जबाबदारी घेण्याची संधी येथे मिळाली.

स्त्रियांच्या दृष्टीने हा बदल विशेष महत्त्वाचा ठरला. अधिकृत चर्चमध्ये उपदेशाचा अधिकार नसलेल्या स्त्रिया वर्गनायिका झाल्या. १७६१ मध्ये डर्बी येथे सेरा क्रॉस्बी यांना वर्गसभेत सुमारे तीस जण अपेक्षित होते. प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास लोक आले. प्रत्येकाची स्वतंत्र विचारपूस अशक्य झाल्याने त्यांनी सर्वांना उद्देशून बोध केला. पुढे वेस्ली यांनी काही स्त्रियांच्या उपदेशकार्यास मान्यता दिली, त्यामागे अशा घटनांची पार्श्वभूमी होती.

या रचनेचे अनुकरण धर्मक्षेत्राबाहेरही झाले. १८३१ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या श्रमिकांच्या राष्ट्रीय संघाने आणि त्यानंतर चार्टिस्ट चळवळीने 'वर्ग', वर्गनायक व साप्ताहिक पेनी ही पद्धती स्वीकारली. १८३४ मध्ये टॉलपडल येथील ज्या सहा शेतमजुरांना संघटना बांधल्याबद्दल हद्दपारीची शिक्षा झाली, त्यांचा नेता जॉर्ज लव्हलेस हा मेथॉडिस्ट स्थानिक उपदेशक होता.

मुंबईतील प्रयोग :

ही परंपरा महाराष्ट्रातही पोहोचली. अमेरिकन मेथॉडिस्ट उपदेशक विल्यम टेलर १८७१ च्या अखेरीस मुंबईत आले. त्यांच्या इंग्रजी प्रवचनांमुळे धर्मजागृत झालेल्या लोकांना त्यांनी घरोघरच्या लहान गटांत संघटित केले व प्रत्येक गटावर नायक नेमला. १८७२ च्या प्रारंभी या गटांतूनच मुंबईची मेथॉडिस्ट मंडळी आकाराला आली. अमेरिकन मराठी मिशनचे जॉर्ज बोवेन हेही पुढे या मंडळीत दाखल झाले. मंडळीचा खर्च परदेशी निधीवर न विसंबता स्थानिक सभासदांनीच उचलावा, हा टेलर यांचा आग्रह होता. ब्रिस्टलच्या पेनीशी असलेले त्याचे नाते उघड आहे. तथापि, या गटांचा भर मुख्यतः इंग्रजी भाषकांवर होता, ही त्यांची मर्यादा होय.

ऱ्हास :

एकोणिसाव्या शतकात मेथॉडिस्ट संघ स्वतःच एक प्रस्थापित चर्च बनला. मोठी प्रार्थनागृहे, स्थायी पाळक आणि संडे स्कूल यांमुळे वर्गसभेची कार्ये विभागली गेली. देणगी उपासनेच्या वेळी गोळा होऊ लागली, शिक्षण शाळेकडे गेले, तर सभासदांची काळजी पाळकाकडे आली. उरली ती ठरावीक शब्दांत दिली जाणारी साक्ष. शतकाच्या उत्तरार्धात अनेक ठिकाणी वर्गसभेतील उपस्थितीची अट शिथिल झाली.

निष्कर्ष :

१. वर्गसभेचा उगम कर्जफेडीच्या व्यावहारिक गरजेतून झाला; तिचे आध्यात्मिक कार्य त्या गरजेतूनच विकसित झाले.

२. दीक्षित धर्मगुरूंच्या मर्यादित संख्येवर मात करून सामान्य सभासदांत, विशेषतः स्त्रिया व श्रमिकांत, नेतृत्व निर्माण करण्याचे कार्य गृहसमूहांनी केले.

३. परस्परांचा आधार व परस्परांवरील पाळत ही एकाच रचनेची दोन अंगे होती. त्यांपैकी एकाच अंगाचा गौरव करणे इतिहासाला धरून होणार नाही.

४. कार्यांची विभागणी होताच समूहाचे रूप टिकले, परंतु त्यातील प्राण गेला. ज्याच्या दारी जाण्याचे निश्चित काम होते, त्याचीच विचारपूस झाली. दारी जाणे थांबले आणि विचारपूसही थांबली. चर्चच्याच नव्हे, तर कोणत्याही संस्थेच्या इतिहासाचा विचार करताना हा अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे.