वनसांख्यिकी : बुलढाणा जिल्हा

वनसांख्यिकी ही वृक्ष, वन्यप्राणी आणि त्यांचा अधिवास यांच्या मोजमापाची गणिती शाखा आहे. अख्खे जंगल मोजता येत नाही. म्हणून निवडक भागांची काटेकोर पाहणी करून संपूर्ण जंगलाविषयी अनुमान काढतात आणि त्यातील संभाव्य त्रुटीही नोंदवतात.

क्षेत्र : जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्यात अंबाबरवा अभयारण्य असून ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेत सुमारे 205 चौ. किमी.चे ज्ञानगंगा अभयारण्य (1997) आहे. दोहोंमध्ये पूर्णा नदीच्या खोऱ्यातील शेती पसरली आहे. येथील वने शुष्क पानझडी. घाटउतार, पठार आणि नाल्याकाठची झाडी यांत मोठा फरक असल्याने प्रत्येक स्तरातून वेगळे नमुने घेणे इष्ट ठरते.

वृक्षमापन : 0.1 हेक्टरच्या चौरस नमुनाक्षेत्राची बाजू 31.62 मी. भरते. त्यातील झाडांची गोलाई छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मी.वर, टेपने मोजतात. गोलाईच्या वर्गाला 4π ने भागले की खोडाचे छेदक्षेत्र मिळते. 90 सेंमी. गोलाईच्या सागाचे छेदक्षेत्र सुमारे 645 चौ. सेंमी. येते. अशा नोंदींवरून लाकूडसाठा, वाढ आणि पुनरुत्पत्ती यांचे अंदाज बांधून वनविभागाची कार्य आयोजना आखली जाते.

प्राणीगणन : बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावरून केलेल्या नोंदी लोकांना जंगलाशी जोडतात; मात्र त्या दिसलेल्या प्राण्यांच्या नोंदी असतात, एकूण संख्येच्या नव्हेत. एकच अस्वल दोन पाणवठ्यांवर येऊ शकते, तर दुसरे कुठेच दिसत नाही. तृणभक्षी प्राण्यांसाठी रेषा-छेद पद्धत वापरतात. ठरलेल्या रेषेवरून चालताना 40 मी.वर, रेषेशी 30 अंशांच्या कोनात नीलगाय दिसली, तर तिचे लंबांतर 40 × साइन 30° = 20 मी. होते. रेषेपासून दूर जाताना दिसण्याची शक्यता कशी घटते, हे अशा अंतरांवरून कळते आणि त्यावरून घनता काढता येते.

वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे. त्यामुळे कॅमेरा-सापळ्यांतील छायाचित्रांवर ‘ग्रहण-पुनर्ग्रहण’ पद्धत (तेच प्राणी पुन्हा किती वेळा टिपले जातात, त्यावरून संख्येचा अंदाज) लागू पडते. पगमार्क गणनेऐवजी 2006 पासून देशव्यापी व्याघ्रगणनेत ही पद्धत वापरली जाते. 2022 च्या गणनेत देशात सरासरी 3,682, तर महाराष्ट्रात 444 वाघांचा अंदाज निघाला.

वॉकर वाघ : यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातील टी1-सी1 ऊर्फ ‘वॉकर’ या तरुण नराला फेब्रुवारी 2019 मध्ये रेडिओ कॉलर लावण्यात आली. जूनमध्ये निघालेला हा वाघ तेलंगण आणि विदर्भ-मराठवाड्यातून फिरत डिसेंबरमध्ये ज्ञानगंगेत पोहोचला. त्याची नोंदलेली वाटचाल 3,000 किमी.हून अधिक भरली. लागोपाठचे स्थानबिंदू सरळ रेषांनी जोडून अंतर काढल्यास मधली वळणे सुटतात, म्हणून असे अंतर प्रत्यक्षाहून कमी येते. शिवाय हजारो बिंदू असले तरी ते एकाच वाघाचे. त्यांतून शेतशिवारांतून जाणारा भ्रमणमार्ग दिसला, पण सर्व वाघ असेच फिरतात, असा निष्कर्ष त्यावरून निघत नाही.

उपयोग व मर्यादा : पाणवठे, जाळरेषा, रस्त्यावरील रात्रीची वाहतूक आणि अस्वल-मानव संघर्ष यांविषयीचे निर्णय अशा आकड्यांवर उभे राहू शकतात. त्यासाठी तीच नमुनाक्षेत्रे त्याच पद्धतीने वर्षानुवर्षे मोजली पाहिजेत आणि प्रत्येक अंदाजासोबत त्याची विश्वास-मर्यादा दिली पाहिजे. पद्धत बदलून केलेल्या दोन गणनांतील फरक ही वाढ किंवा घट मानता येत नाही.