आजीचे चिंचोके

सुरगाण्यात ‘देशमुख’ म्हटलं की जुनी माणसं अजून जरा सावरून बसतात. इथलं संस्थान देशमुखांचं. ते 1948 साली विलीन झालं, पण आजीच्या बोलण्यात ते अजून नांदतंय. म्हणून 2025च्या जुलैत मी तिला सांगितलं, “आजी, दिव्या देशमुखची बुद्धिबळ विश्वचषकाची फायनल आहे,” तर तिने आधी विचारलं, “कुठली गं, आपल्या वाड्यातली?”

“नागपूरची.”

“मग लांबची,” म्हणून ती पुन्हा नागली निवडायला लागली.

बुद्धिबळ आमच्या घरात आजोबांनी आणलं. ते शाळामास्तर. पेपर एसटीने यायचा, तोही आदल्या दिवसाचा, आणि त्यात खाडिलकर बहिणींची बातमी असली की आजोबा ती मोठ्याने वाचायचे. वासंती 1974 सालची देशातली पहिली महिला विजेती, मग जयश्री, मग धाकटी रोहिणी. जवळजवळ दहा वर्षं ते विजेतेपद ‘नवाकाळ’च्या नीळकंठ खाडिलकरांच्या घराबाहेर गेलंच नाही. आजोबांची लाडकी गोष्ट मात्र 1976ची. तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गहजब झाला. प्रकरण हायकोर्टात गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की बाईला अडवता येणार नाही. हा कोर्टाचा भाग आजोबा असा रंगवायचे, जणू वकीलपत्र त्यांनीच घेतलं होतं.

गोष्ट रंगली की तिला जॉर्जिया जोडला जायचा. तिथली नोना गाप्रिंदाश्विली 1962 साली जगज्जेती झाली ती सोळा वर्षं हललीच नाही. 1978 साली तिला हरवलं तेही जॉर्जियाच्याच, सतरा वर्षांच्या माया चिबुर्दानिद्झेने. मायाकडे तो मान 1991पर्यंत राहिला. म्हणजे एवढ्याशा मुलखाकडे सलग एकोणतीस वर्षं! त्याच 1978 साली नोना पुरुषांच्या बरोबरीची ग्रँडमास्टर झाली, बायकांमधली पहिली. तिकडे लेकीला लग्नात रुस्तवेलीचं महाकाव्य आणि बुद्धिबळाचा पट द्यायची रीत होती, असं आजोबा सांगायचे. त्यावर आजी म्हणायची, “आम्हाला हंडा-कळशी मिळाली. तीही हंड्याला पोचा आलेली.”

आजोबांच्या पटाला तिने कधी हात लावला नाही. तिचा खेळ वाघ-बकरी. देवळाच्या पायरीवर कोळशाने रेघा ओढायच्या, वाघ म्हणून काळे खडे, बकऱ्या म्हणून चिंचोके. बकऱ्या कायम तिच्याच. एकेक चिंचोका अंगठ्याने दाबून ठेवायची, जागेवरून हलू नये म्हणून, आणि आजोबांचे वाघ कोपऱ्यात कोंडायची. आजोबा तिथे हरायचे, नेमाने हरायचे. ही गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नाही.

आजोबांच्या पटावर आपण ज्याला वजीर म्हणतो त्याची युरोपात राणी झाली. जॉर्जियन भाषेत त्याला लाझिएरी म्हणतात. कानाला तो आपल्या वजिराचाच भाऊबंद वाटतो.

दिव्याची फायनल जॉर्जियातच होती, काळ्या समुद्रकाठच्या बाटुमीत. समोर कोनेरू हम्पी, आपलीच. दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले होते. 28 जुलैला जलद डाव. बाहेर मुसळधार पाऊस, आवणीचे दिवस, रेंज येऊन-जाऊन. पहिला जलद डावही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. पट रिकामा होत गेला, हम्पीची घड्याळाशी झुंज चालली होती, आणि तिथेच तिचा हात चुकला. मी मोबाइल आजीच्या डोळ्यांसमोर धरला होता. तिला घोडा कळत नव्हता की उंट, पण ती म्हणाली, “गोऱ्या बाजूची कोंडली बघ.”

एकोणीस वर्षांची पोर विश्वचषक घेऊन गेली. ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म गाठीला नव्हता. या एका विजयाने थेट किताब मिळाला, भारताची अठ्ठ्याऐंशीवी. एवढं मी आजीला सांगेपर्यंत पडद्यावर दिव्या आईच्या गळ्यात पडून रडत होती.

“हरली का गं?” आजीने विचारलं.

“नाही, जिंकली.”

आजी जरा वेळ बघत राहिली. मग सूप पुढे ओढत म्हणाली, “मग आईला सांग, तिला आधी पाणी दे म्हणावं.”