लेहचे सहा दिवस

विमानाने लेहला उतरलेल्या फौजीला पहिला हुकूम मिळतो तो पडून राहायचा. दोन दिवस पूर्ण आराम, पुढचे दोन दिवस सपाटीवर सावकाश चालणं, मग दोन दिवस थोडी चढण. बारा हजार फुटांच्या वर जायचं तर आणखी चार दिवस, पंधरा हजारांच्या वर पुन्हा चार. नव्या पोरांना ही चैन वाटते. सीओसाहेबांना मात्र ती अख्खी पलटण बसून राहिलेली दिसते, तिचा शिधा आणि तंबूंची जागा दिसते.

१९६२ च्या युद्धात मैदानातल्या पलटणी घाईघाईने उंचावर गेल्या. धडधाकट जवानांना एक-दोन दिवसांत धाप लागे, छातीत घरघर सुरू होई, तोंडाला गुलाबी फेस येई. अशा आजाराची नोंद पूर्वी बहुधा न्यूमोनिया म्हणून होई. १९६० मध्ये अमेरिकेतल्या डॉ. चार्ल्स ह्यूस्टन यांनी लिहिलं होतं की यात जंतुसंसर्ग नसतो, उंचीमुळेच फुप्फुसात पाणी भरतं. पण मोजक्या रुग्णांवरून कुठलीही फौज आपली कूच थांबवत नाही.

आकडे दिले ते आपल्या लष्करी डॉक्टरांनी. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये फुप्फुसात पाणी झालेल्या ३३२ जवानांची माहिती मांडली, आणि १९६९ मध्ये उंचीच्या आजाराच्या १,९२५ जवानांची. एवढी संख्या जगात तोवर कुणाकडेच नव्हती. झपाट्याने वर नेलेले जवान त्यांत होते, तसेच सुट्टीवरून परतलेले जुनेही होते. टप्प्याटप्प्याने चढायचा नियम अशा नोंदींवर उभा राहिला. 'थांबा' असं नुसतं डॉक्टर म्हणाला असता, तर लढाईच्या घाईपुढे त्याचं कोण ऐकणार होतं?

त्याच डॉक्टरांनी फ्रुसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाचीही शिफारस केली होती. ती मात्र नंतरच्या चाचण्यांत टिकली नाही. उंचावर शरीरातलं पाणी आधीच कमी होतं, त्यात हे औषध दिलं की माणूस आणखी खचतो. औषध मागे पडलं, मुक्काम राहिले.

आजही चार आठवड्यांहून जास्त सुट्टी काढून आलेला सुभेदार, लडाखात किती का वर्षं काढलेली असेनात, पहिल्या दिवसापासून पुन्हा पडून राहतो.