'यवन' या नांवाची कुळकथा

'यवन' हा शब्द कानीं पडतांच मराठी वाचकाला बखरींतील मुसलमान आठवतो. परंतु कार्ल्याच्या चैत्यगृहांतील स्तंभांवर 'धेनुकाकटचा यवन' अशा दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत, आणि ते लेख इस्लामच्या उदयाहून सुमारें पांच शतकें जुने आहेत. तेथें बखरींतला अर्थ लावून चालावयाचें नाहीं.

नांवाचें मूळ ग्रीकांत आहे. एजियन समुद्राच्या पूर्वकिनाऱ्यावर, आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम कडेस, मायलीटस, एफिसस इत्यादि आयोनियन नगरें होतीं. होमरच्या 'इलियड' काव्यांत हे लोक 'इयाओनेस' म्हणून एकदांच येतात. याचें जुनें रूप 'इयावोनेस'. त्यांतला 'व' खुद्द आयोनियनांच्या बोलींतून गळाला, पण परक्यांच्या तोंडीं त्याची खूण राहिली: हिब्रूंत 'यावान', दरायस बादशहाच्या इ. स. पू. 520 च्या सुमाराच्या बेहिस्तून शिलालेखांत 'यौन', प्राकृतांत 'योन', संस्कृतांत 'यवन'. इराण्यांची गांठ प्रथम पडली ती या किनाऱ्यावरच्या ग्रीकांशीं. म्हणून एका शाखेचें नांव अवघ्या ग्रीकांस चिकटलें. मौज अशी कीं, अथेन्सकरांना आणि पुष्कळशा आयोनियनांना हें नांव मिरविण्याची लाज वाटे, असें हिरोडोटस लिहितो!

'आयॉन' नामक मूळपुरुषाची ग्रीक कथा उघडच नांवावरून रचलेली दिसते. आपल्याकडेही तोच प्रकार झाला. वसिष्ठाच्या धेनूच्या योनीपासून यवन उपजले, असें रामायण सांगतें.

शब्दाचा खरा अर्थ मात्र येथें ठाऊक होता. पाणिनीच्या सूत्रांत तो आहे. कात्यायन 'यवनानी' म्हणजे यवनांची लिपि, असें सांगतो. अशोक आपल्या तेराव्या शिलालेखांत अँटायोकसला 'योनराजा' म्हणतो. पुढें अर्थ सैल होत होत 'पश्चिमेकडून आलेला परका' एवढाच उरला, आणि मुसलमान आले तेव्हां हें तयार नांव त्यांच्या वांट्यास आलें.

नाशिकच्या पांडवलेण्यांत शब्दाचीं दोन्ही रूपें एकाच डोंगरावर आहेत. एका लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीची माता आपल्या पुत्राला शक, यवन व पह्लव यांचा संहारक म्हणून गौरविते. थोड्याच अंतरावर दुसरें लेणें आहे. तें उत्तरेकडील दत्तामित्री नगरींतून आलेल्या एका 'योनका'नें बुद्धपूजेसाठीं खोदविलें. त्याचें नांव इंद्राग्निदत्त, आणि बापाचें धर्मदेव.