रंगावरून साप ओळखावा का?

पावसाळा सुरू झाला की बिळांत पाणी शिरते आणि साप शेताच्या बांधांवर, गोठ्यांत, घरांच्या आडोशाला दिसू लागतात. उत्तरेला सातपुड्यातील अंबाबरवा, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगांतील ज्ञानगंगा अभयारण्य आणि मध्ये पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे अशी रचना असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात तर हा दरवर्षीचा अनुभव. साप दिसताच पहिला प्रश्न येतो तो रंगाचा. नेमका तोच निकष सर्वांत बेभरवशाचा आहे.

वन्यप्राण्यांचा रंग ही कायमची खूण नव्हे. विदर्भात रोही म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नीलगायीचा प्रौढ नर निळसर करडा असतो, मादी व पाडसे मात्र तांबूस भुरी. काळविटाचा नर वयाबरोबर काळा होत जातो. याखेरीज जन्मजात बदलही आढळतात. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य वाढले की बिबट्या काळा दिसतो. ताडोबात २०१८ मध्ये पर्यटकांना असा काळा बिबट्या दिसला होता. तिरप्या उन्हात त्याच्याही अंगावरचे ठिपके ओळखता येतात. मेलॅनिन पूर्णपणे नसेल तर प्राणी पांढरा किंवा पिवळसर होतो व त्याचे डोळे लालसर दिसतात. असा पांढरा नाग निघाला की दर्शनाला गर्दी लोटते. त्याचे विष मात्र इतर नागांइतकेच जहाल असते, हे गर्दीतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

आपल्याकडे बहुतांश गंभीर सर्पदंश नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे असतात. नागाचा रंग गव्हाळपासून काळ्याकुट्टापर्यंत काहीही असू शकतो. फण्यावरचा प्रसिद्ध 'दहाचा आकडा' काही नागांत पुसट असतो, काहींत नसतोच. धामणही पिवळसर, तपकिरी किंवा काळपट असते. पण तिला फणा नाही आणि तिचे डोळे टपोरे असतात. उंदरांचा फडशा पाडणारी ही बिनविषारी धामण नाग समजून मारली जाते.

सर्वांत घातक गल्लत मण्यार आणि कवड्या यांच्यात होते. मण्यारीच्या निळसर काळ्या अंगावरील पांढरे आडवे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात. ते मानेपासून काही अंतरावर सुरू होतात आणि शेपटीकडे अधिक स्पष्ट होतात. बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेपाशीच ठळक असतात आणि मागे विरत जातात. परंतु एखाद्या मण्यारीचे पुढचे पट्टे तुटक ठिपक्यांसारखे उरतात, तर काही कवड्यांच्या अंगावर पट्टे नसतात. पाठीच्या मधल्या रेषेवरील मोठे षटकोनी खवले ही मण्यारीची खरी खूण, पण ती पाहण्याइतके जवळ जाणे म्हणजे दंशाला आमंत्रण. कात टाकण्यापूर्वी तर कोणत्याही सापाचा रंग मळकट होतो आणि नक्षी झाकोळते.

घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि डिवचली गेल्यास ती कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार सोडते. बिनविषारी डुरक्या घोणशीची नक्षी वेडीवाकडी आणि शेपटी आखूड असते. फुरसे आकाराने लहान. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून ते करकर आवाज काढते. त्याच्याशी साम्य असलेला मांजऱ्या सडपातळ व लांब असतो. त्रिकोणी डोक्याचा साप विषारी हा समजही अपुरा आहे, कारण नाग आणि मण्यार यांचे डोके त्रिकोणी नसते.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. मण्यार प्रामुख्याने रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसेलच असे नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे ही लक्षणे दिसली तर वेळ दवडू नये.

दंशानंतर साप ओळखण्यासाठी त्याला मारण्याची वा पकडण्याची गरज नसते. भारतात वापरली जाणारी प्रतिविष लस या चारही सापांच्या विषावर एकत्रितपणे काम करते आणि डॉक्टर लक्षणे पाहून उपचार करतात. दंशाच्या जागी चिरा देऊ नये, विष चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. अंगठी, कडे काढून ठेवावे, हातपाय फळीचा आधार देऊन स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून लस उपलब्ध असलेले जवळचे रुग्णालय गाठावे.